कपाशीचे बोंड, दोन बदाम आणि क्लोरोफॉर्मचा रुमाल

१८८९ च्या अखेरीस लंडनचे एक नामवंत डॉक्टर, टी. लॉडर ब्रंटन, हैदराबादेत दाखल झाले. त्यासाठी लागणारे एक हजार पौंड निजाम मीर महबूब अली खान यांनी दिले होते. त्यांच्यापुढे ठेवलेला प्रश्न एकच होता : क्लोरोफॉर्म देताना मरणारा रुग्ण श्वास थांबून मरतो की हृदय थांबून? आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, याच निजामाच्या राज्यातील सुभ्याचे मुख्य ठिकाण होते. हैदराबादेत मिळालेले उत्तर पुढे ज्यांच्या जिवावर बेतले, त्यांत टॉन्सिल काढण्यासाठी टेबलावर आणलेली मुलेही होती. घशाच्या या छोट्याशा शस्त्रक्रियेचा हा मोठा इतिहास. #थ्रेड

सुरुवात मात्र फार मागे जाऊन, शब्दांपासून करावी लागते. सुश्रुतसंहितेत टाळूच्या रोगांमध्ये 'तुंडिकेरी' नावाचा एक रोग येतो. तुंडिकेरी म्हणजे रानकपाशीचे फळ. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हाच रोग घशाच्या रोगांत मोजलेला आहे आणि त्याचे वर्णन जबड्याच्या सांध्यालगत, घशात उठणारी, कपाशीच्या बोंडासारखी, बुळबुळीत आणि कठीण सूज असे केले आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. न उमललेले बोंड आणि सुजलेले टॉन्सिल यांच्या आकारात खरोखरच साम्य आहे.

सुश्रुताने 'गिलायु' नावाची घशातली आणखी एक गाठ सांगितली आहे. ती आवळ्याच्या बीएवढी असते आणि तिच्यावर शस्त्र हाच उपाय मानला आहे. तुंडिकेरी म्हणजेच आजचे टॉन्सिलायटिस, असे समीकरण हल्ली सर्रास मांडले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने तिथे थोडे थबकावे. प्राचीन ग्रंथकारांची रोगांची वाटणी लक्षणांवर उभी होती, ऊतींवर किंवा जंतूंवर नव्हे. तुंडिकेरी आणि गिलायु या दोन्ही शब्दांच्या पोटात आजचे टॉन्सिल बसू शकते, आणि दुसरेही पुष्कळ काही बसू शकते.

सुश्रुताची खरी सावधगिरी दिसते ती पडजीभ वाढल्यावर करायच्या छेदनात. पडजीभ चिमटीत धरावी, पुढे ओढावी आणि शस्त्राने कापावी, असा विधी आहे. त्याला जोडून इशारा आहे की जास्त कापले तर रक्त वाहून रुग्ण मरेल, कमी कापले तर सूज, लाळ गळणे, भोवळ असे उपद्रव होतील. म्हणून हे काम ज्याने ते आधी प्रत्यक्ष पाहिले आहे अशा कुशल वैद्यानेच करावे. तुंडिकेरीसाठीही तोच उपचारक्रम, शस्त्रकर्मात थोडा फरक करून, सांगितला आहे. घशातली शस्त्रक्रिया म्हणजे मुख्यतः रक्तस्रावाशी झुंज, हे इतक्या जुन्या ग्रंथात इतक्या स्पष्टपणे लिहिलेले आहे.

आता शहराच्या पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवरच्या देवगिरीकडे वळू. तेराव्या शतकात यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारी हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, मोठ्या अधिकारपदावर होता. त्याचे नाव मंदिरांच्या बांधणीशी आणि मोडी लिपीशी इतके जोडले गेले आहे की त्याने वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली, हे फारसे कुणाला आठवत नाही. त्याच्याच आश्रयाला असलेला बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा मुलगा होता. याचा अर्थ ज्या ग्रंथात घशातली सूज कपाशीच्या बोंडासारखी सांगितली आहे, तो ग्रंथ सातशे वर्षांपूर्वी याच डोंगराच्या सावलीत वाचला आणि उकलला जात होता. (कपाशीच्या मुलखात बसून, हे वेगळे सांगायला नको.)

देवगिरीचे दौलताबाद झाले आणि दख्खनेत दुसरी एक वैद्यकपरंपरा स्थिरावली, ती युनानी. तिच्यात टॉन्सिलला 'लौज़तैन' म्हणतात. अर्थ : दोन बदाम. ग्रीकांनीही बदामाचीच उपमा दिली होती आणि अरबी वैद्यकाने ती पुढे नेली. सुजलेले टॉन्सिल म्हणजे हकिमांच्या भाषेत 'वरम-ए-लौज़तैन'. औरंगाबादसारख्या शहरात वैद्य आणि हकीम दोघेही होते, म्हणजे एकाच मुलाच्या घशात एकाला बोंड दिसे आणि दुसऱ्याला बदाम.

युनानी परंपरेचा एक आधारस्तंभ म्हणजे अंदलुसचा शल्यविशारद अल-झहरावी. दहाव्या-अकराव्या शतकातल्या त्याच्या 'अल-तसरीफ' या ग्रंथात जीभ दाबून धरण्याचे साधन, टॉन्सिल पकडण्याचा आकडा आणि कापण्याचे हत्यार यांच्या आकृत्या आहेत. त्याच्याही आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोमच्या सेल्ससने टॉन्सिल बोटाने सोडवून काढण्याची आणि ते न सुटल्यास आकड्याने ओढून कापण्याची रीत लिहून ठेवली होती. बोटाने! भूल नाही, उजेड सूर्याचा, आणि रुग्ण शुद्धीवर.

अशी शस्त्रक्रिया ग्रंथात असणे आणि ती गावोगाव होणे यांत फार अंतर आहे. घरोघरी चालत आले ते मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, हळद, तुरटी, ज्येष्ठमध, बाभळीच्या सालीचा काढा. शस्त्र अपवादानेच उचलले जाई.

शस्त्राला वेग आला तो एकोणिसाव्या शतकात. फिलाडेल्फियाचे फिलिप सिंग फिझिक आधी तारेचा फास टॉन्सिलभोवती आवळून ठेवत. मुलाला ते तासन्‌तास सोसावे लागे. १८२८ मध्ये त्यांनी एक यंत्र पुढे आणले : एक कडे, त्यात टॉन्सिल अडकवायचे आणि पाते पुढे सरकवायचे. पुढे लंडनच्या मोरेल मॅकेन्झी यांनी त्यात सुधारणा केली. जर्मनीच्या फ्रेडरिक राजाच्या घशाच्या कर्करोगावरून १८८७-८८ मध्ये युरोपभर ज्यांचे नाव गाजले, तेच हे मॅकेन्झी. यंत्राला नाव पडले 'गिलोटिन'. नाव फ्रेंच राज्यक्रांतीतल्या शिरच्छेदाच्या यंत्रावरून आले आणि कामही त्याच धाटणीचे होते. सराईत हाताला एका टॉन्सिलसाठी काही सेकंद पुरत.

सेकंदांचे एवढे महत्त्व का, हे समजले तरच पुढची गोष्ट समजते. टॉन्सिल अगदी श्वासाच्या वाटेवर असतात. कापल्यावर रक्त घशात उतरते. रुग्ण गाढ बेशुद्ध असेल तर त्याला खोकता येत नाही आणि रक्त फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून शल्यवैद्याला हवी असे अगदी हलकी भूल. मूल जेमतेम सुन्न व्हावे, दोन्ही बाजू झटपट कापल्या जाव्यात आणि ते खोकत, थुंकत, रडत जागे व्हावे. आणि ही हलकी भूल ज्या द्रव्याने दिली जाई, ते बहुधा क्लोरोफॉर्म असे.

क्लोरोफॉर्मचा वापर एडिंबराच्या जेम्स सिम्प्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये सुरू केला. रुमालावर काही थेंब टाकायचे आणि नाकाजवळ धरायचा, इतके ते सोपे होते. तीन महिनेही झाले नव्हते तोच, २८ जानेवारी १८४८ ला, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली मरण पावली. तिथून वादाला तोंड फुटले. लंडनकरांचे म्हणणे, नाडी पाहा, धोका हृदयाला आहे. एडिंबराचे जेम्स साइम यांचे शिष्य म्हणत, नाडीत गुंतू नका, श्वास पाहा.

साइम यांचा असाच एक कट्टर शिष्य हैदराबादेत होता : रेझिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेची धुराही त्यांच्याकडेच होती. ही शाळा १८४६ मध्ये सुरू झाली होती आणि तिथे पाश्चात्य वैद्यक उर्दूतून शिकवले जाई. निजामाच्या राज्यातील दवाखान्यांना डॉक्टर पुरवणे हा तिचा हेतू. मराठवाड्याच्या जिल्ह्यांना नवे वैद्यक भेटले ते मुख्यतः या वाटेने, उर्दू बोलत आणि लॉरींची शिकवण घेऊन. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचा इतिहास मराठीत पुष्कळ लिहिला गेला आहे. मराठवाड्याची वैद्यकीय वंशावळ मात्र हैदराबादकडे जाते, आणि ती अजूनही अर्धवटच लिहिलेली आहे.

याच शाळेत लॉरींच्या काळात स्त्रियांना प्रवेश मिळाला. त्यांतल्या रूपाबाई फर्दुनजी यांनी क्लोरोफॉर्म देण्यात प्रावीण्य मिळवले आणि हैदराबादच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे भूल देण्याचे काम केले. १९०९ च्या सुमारास त्या पुढील शिक्षणासाठी एडिंबरालाही गेल्या. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. युरोपातही भूल देणे हे वेगळे शास्त्र म्हणून अजून पुरते रुजले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे.

१८८८ मध्ये लॉरींनी पहिला 'हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग' नेमवला. प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा लॉरींनी निजामाकडून पैसा मिळवला आणि लॅन्सेटला कळवले की तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर पुन्हा प्रयोग करू. लॅन्सेटने पाठवलेले ते ब्रंटन. निघताना त्यांचे स्वतःचे मत लॉरींच्या विरुद्ध होते.

दुसरा आयोग १८८९ मध्ये बसला. ब्रंटन, लॉरी, बॉमफर्ड आणि रुस्तुमजी हकीम हे त्याचे सदस्य. कुत्रे, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे, ससे असे सुमारे पाचशे प्राणी वापरले गेले, रक्तदाबाचे आलेख नोंदले गेले. ब्रंटन यांचे मत पालटले आणि त्यांनी लंडनला तार केली : धोका श्वास कोंडण्याचा आणि अतिमात्रेचा आहे, हृदयाला थेट धोका नाही. एका देशी संस्थानिकाच्या पैशाने, दख्खनेतल्या एका शहरात झालेल्या संशोधनाने लंडनच्या वैद्यकाला काही काळ तरी गप्प केले. वसाहतकाळाच्या इतिहासात असे प्रसंग मोजकेच सापडतात.

उत्तर मात्र अपुरे होते, आणि त्या अपुरेपणाची किंमत मोठी होती.

हैदराबादेत प्राण्यांना भरपूर क्लोरोफॉर्म देऊन पाहिले गेले. भरपूर क्लोरोफॉर्मने श्वास आधी थांबतो, हे खरेच आहे. पण शस्त्रक्रियागृहातले गूढ मृत्यू बहुधा अगदी सुरुवातीला, हलक्या भुलीत, क्षणात होत. रुग्ण घाबरलेला असे, अंग ताठ करून झगडत असे, आणि एकाएकी नाडी नाहीशी होई. हा दुवा १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी जोडला. हलक्या क्लोरोफॉर्मखालच्या मांजरांना अ‍ॅड्रेनालिन टोचले, तर हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही, हे त्यांनी दाखवले. भीतीने शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनालिन सोडते. म्हणजे घाबरलेला जीव आणि हलके क्लोरोफॉर्म, हा सर्वांत घातक संयोग.

टॉन्सिलसाठी आणलेल्या मुलाच्या बाबतीत नेमका हाच संयोग घडत असे. अनोळखी खोली, हात धरणारी अनोळखी माणसे, नाकावर रुमाल, आणि मुद्दाम हलकी ठेवलेली भूल.

मग हे मृत्यू तेव्हा समजावून कसे सांगितले गेले? इथे कालगणनेचा एक चमत्कारिक योग आहे. हैदराबादचा दुसरा आयोग बसला त्याच साली, १८८९ मध्ये, व्हिएन्नाच्या अर्नोल्ड पाल्टॉफ यांनी 'स्टेटस लिम्फॅटिकस' नावाची कल्पना मांडली. काही मुलांची घडणच अशी असते की त्यांची थायमस ग्रंथी, टॉन्सिल आणि इतर लसिका-ऊती वाढलेल्या असतात, आणि अशी मुले क्षुल्लक कारणाने दगावतात, असे तिचे सार. डॉक्टरांना ती फारच सोयीची ठरली. मूल टेबलावर गेले, शवविच्छेदनात थायमस मोठी दिसली, की दोष मुलाच्या घडणीचा. निरोगी मुलांची थायमस मोठीच असते, दीर्घ आजाराने मेलेल्या मुलांची ती सुकलेली असते, आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर बहुधा दुसऱ्या प्रकारची मुलेच येत, एवढी साधी तुलना कुणी नीट केली नव्हती. ती झाली १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये, यंग आणि टर्नबुल यांच्या अहवालात, आणि असा रोग असल्याचा पुरावा नाही असे ठरले.

तोपर्यंत कित्येक मुलांची निरोगी थायमस 'लहान करण्यासाठी' क्ष-किरणांनी भाजली गेली होती. त्यांच्यातल्या काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला, आणि १९५० पासून तो संबंध उघडकीस येऊ लागला. एका चुकीच्या स्पष्टीकरणाची सावली साठ वर्षे पसरली होती.

लॉरींवर सगळे खापर फोडणे अन्यायाचे होईल. श्वासावरून नजर हटवू नका, हा त्यांचा आग्रह बरोबरच होता. पण आपल्या शिक्षकाचे मत सिद्ध करायचे ठरवून मांडलेला प्रयोग, प्राण्यांची संख्या कितीही वाढवली तरी, शिक्षकाच्या मतापाशीच पोहोचतो. ब्रंटनसारखा चौकस माणूसही त्या आलेखांच्या भेंडोळ्यांनी दिपून गेला.

हैदराबादच्या वैद्यकीय शाळेशी जोडलेले अफझलगंज रुग्णालय सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात उद्ध्वस्त झाले. तिथल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचवला. त्या जागी पुढे उस्मानिया रुग्णालय उभे राहिले.

याच सुमारास टॉन्सिलची शस्त्रक्रिया तंत्राने सुधारत होती. गिलोटिनने टॉन्सिलचा वरचा भागच छाटला जाई, मुळाशी राहिलेला तुकडा पुन्हा सुजे. लंडनचे जॉर्ज वॉ यांनी १९०९ मध्ये टॉन्सिल त्याच्या आवरणासकट सोलून काढण्याची रीत मांडली. अमेरिकेत सॅम्युअल क्रो यांनी १९१७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातला आपला अनुभव प्रसिद्ध केला. तोंड उघडे ठेवणारा, जीभ दाबणारा आणि त्याच वेळी भुलीची वाफ पोचवणारा 'गॅग' रूढ झाला. त्याचे वंशज असलेले 'बॉइल-डेव्हिस गॅग' आजही शस्त्रक्रियागृहांत दिसते. पहिल्या महायुद्धानंतर श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत आली, आणि रक्त फुप्फुसात जाण्याची भीती बरीच कमी झाली.

तंत्र सुधारले आणि शस्त्रक्रियेचे पेव फुटले. त्याला तात्त्विक बळ दिले ते 'फोकल सेप्सिस' या कल्पनेने. शरीरात कुठेतरी दडलेला पुवाचा साठा संधिवातापासून मनोविकारापर्यंत सगळे घडवतो, असे ब्रिटनचे विल्यम हंटर आणि शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज १९१० च्या आसपास सांगू लागले. मग दात उपटले गेले, टॉन्सिल काढले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी तर वेडावर उपाय म्हणून हेच केले.

१९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक पाहणी झाली. ती जशीच्या तशी सांगण्यासारखी आहे. हजार शाळकरी मुले घेतली. त्यांतल्या ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. नको म्हटलेली २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली. त्यांनी ९९ जणांना सुचवली. पुन्हा उरलेली ११६ तिसऱ्यांदा दाखवली, तर ५१ जणांचे टॉन्सिल काढावे असे मत पडले. हजारांतून उरली ६५ मुले. प्रत्येक फेरीत साधारण ४५ टक्के. मुलांचे घसे बदलत होते, टक्केवारी बदलत नव्हती.

इंग्लंडमध्ये अ‍ॅलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ मध्ये जिल्हावार आकडे मांडले. शेजारशेजारच्या भागांत प्रचंड फरक होता आणि तो हवामानाने, गरिबीने किंवा दाटीवाटीने समजावता येत नव्हता. सुखवस्तू घरांत प्रमाण उलट अधिक. हॉर्न्सी नावाच्या भागात १९२८ मध्ये १८६ शस्त्रक्रिया झाल्या आणि १९२९ मध्ये फक्त १२. दरम्यान तिथला शाळावैद्य बदलला होता. एवढेच घडले होते.

पोलिओच्या साथींनी आणखी एक धक्का दिला. अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन येथे एकाच घरातल्या पाच मुलांना टॉन्सिल काढल्यानंतर पोलिओ झाल्याची नोंद १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली. घशाच्या ताज्या जखमेनंतर पोलिओ मेंदूच्या तळाकडे, म्हणजे गिळण्या-श्वसनाच्या केंद्रांकडे, जाण्याचा धोका वाढतो, हे हळूहळू पटत गेले. साथीच्या दिवसांत ही शस्त्रक्रिया टाळण्याची प्रथा पडली.

मराठवाड्यात याच काळात काय होते? शाळाशाळांतून मुलांचे घसे तपासून त्यांना रांगेने शस्त्रक्रियेला पाठवणारी यंत्रणा नव्हती, म्हणून इंग्लंड-अमेरिकेतला अतिरेक इथे घडूच शकला नाही. रेल्वे १९०० च्या सुमारास औरंगाबादला पोचली. ज्याच्या गाठीशी पैसा होता तो मनमाडमार्गे मुंबईला किंवा उलट्या दिशेने हैदराबादला जाऊ शके. इतरांसाठी गुळण्या, काढा, हकीम, वैद्य आणि जिल्ह्याचा दवाखाना. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात पुढे 'टॉन्सिल काढले' हे बालपणीच्या आठवणींतले, आइस्क्रीमशी जोडलेले एक ठरावीक प्रकरण झाले, तसे मराठवाड्याच्या खेड्यांत कधी झाले नाही. इथली उणीव दुसऱ्या टोकाची होती.

ती उणीव घशातून थेट हृदयापर्यंत जाते. वारंवार घसा दुखण्यामागे बहुतेकदा विषाणू असतात, पण काही वेळा स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू असतो. त्याच्या संसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिज्वर होतो. सांधे सुजतात, बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडू शकतात. दाटीची घरे आणि न झालेले उपचार असतील तिथे हा आजार टिकून राहतो. टॉन्सिल काढल्याने तो खात्रीने टळतो, अशी आशा एकेकाळी होती. ती खरी ठरली नाही. टाळणारे औषध निघाले पेनिसिलिन.

इथे महाराष्ट्राच्या इतिहासातली दोन वर्षे शेजारी ठेवावीत. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९५६ मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादपासून सुटून मुंबई राज्यात आला. ज्या प्रदेशाची वैद्यकीय नाळ एकशे दहा वर्षे हैदराबादच्या शाळेशी होती, त्याला स्वतःचे महाविद्यालय मिळाले ते टॉन्सिलवरचा आंधळा विश्वास पाश्चात्य देशांत ओसरू लागला असताना, आणि पेनिसिलिन देशातच बनू लागले असताना.

या महाविद्यालयाचे रुग्णालय सगळा मराठवाडा 'घाटी' या एकाच शब्दाने ओळखतो. जालना, बीड, परभणी, हिंगोली आणि पलीकडचे बुलढाणा, इथून माणसे घाटीत येत राहिली. कान-नाक-घसा हा स्वतंत्र विभाग असणे, तिथे भूलतज्ज्ञ असणे, श्वासनलिकेत नळी घालून निर्धोकपणे भूल देता येणे, हे ज्या प्रदेशाला पूर्वी शेकडो मैल लांब होते, ते एस.टी.च्या अंतरावर आले. लॉरींच्या क्लोरोफॉर्मची जागा तोवर निर्धोक औषधांनी घेतली होती. उरला होता सुश्रुताने सांगितलेला जुनाच धोका, रक्तस्राव. तो शस्त्रक्रियेनंतर लगेच होऊ शकतो किंवा खपली सुटताना, पाच ते दहा दिवसांनीही. झोपलेले मूल सारखे आवंढे गिळू लागले तर परिचारिका आजही आधी घसा पाहते, कारण ते रक्त गिळत असू शकते.

मग शस्त्रक्रिया करावी कुणावर? याचे नेटके उत्तर शोधायला १९८० चे दशक उजाडले. पिट्सबर्गचे जॅक पॅरडाइज यांनी मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटून तुलना केली आणि १९८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा घसा नीट आजारी पडला असेल, तर शस्त्रक्रियेचा पहिली दोन वर्षे फायदा दिसला. पण शस्त्रक्रिया न केलेल्या गटातलीही पुष्कळ मुले आपोआप सुधारली. प्रौढांसाठीची मोठी ब्रिटिश चाचणी तर २०२३ मध्ये आली. दोन वर्षांत घसा दुखण्याचे दिवस शस्त्रक्रियेच्या गटात २३, उपचार करत थांबलेल्यांत ३०. दोन हजार वर्षांच्या शस्त्रक्रियेचे मोजमाप इतक्या उशिरा झाले.

पॅरडाइज यांच्या कामातला एक कमी चर्चिलेला भाग १९७८ चा आहे. आईवडील सांगतात तेवढ्या वेळा मूल खरोखर आजारी पडते का, हे त्यांनी तपासले. लेखी नोंद नसलेल्या, पण फार वेळा घसा धरतो असे सांगितलेल्या ६५ मुलांवर लक्ष ठेवले. त्यांपैकी फक्त ११ मुलांत पुढे तसे प्रत्यक्ष दिसले. म्हणून सात-पाच-तीन या मोजणीत प्रत्येक वेळची लेखी नोंद हवी, असा त्यांचा आग्रह होता.

अमेरिकेतल्या बालरोग-दवाखान्यात ही अट सोपी आहे. बीड-जालन्याकडची कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घसा धरण्याचा हिवाळा मुलाने कोपीत काढलेला असतो. तिथल्या दवाखान्याची चिठ्ठी तिथेच राहते, गावातली गावात राहते, आणि घाटीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर जेव्हा विचारतात की वर्षातून किती वेळा, तेव्हा आई बोटे मोजू लागते.